भैय्याजींनी दाखवलेली सात दारं

समुद्रपुरात पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत भैय्याजी झाडे एकटेच राहतात. वय एकाहत्तर, अंगकाठी सडसडीत, दात सगळे स्वतःचे, आणि त्याचा तोरा एवढा की कोणी भेटायला आलं तर आधी सुपारी फोडून दाखवतील. सरकारदरबारी त्यांच्या पदाचं नाव चांगलं हातभर लांब होतं, पण तालुक्यातल्या एकाही माणसाने ते कधी पुरतं उच्चारलं नाही. लोक त्यांना मलेरियावालेच म्हणायचे आणि अजूनही म्हणतात.

तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सायकल काढायची, खेडं गाठायचं, दार ठोकायचं, घरात कोणाला ताप आहे का विचारायचं. असला की त्याचं बोट धरायचं, सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या हातावर ठेवायच्या. आणि निघताना दारामागच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकून खाली सही करायची. साहेब तपासणीला आला की कोणाला काही विचारत नसे, दार लोटून मागची तारीख बघे. त्या तारखेचा अर्थ गावातल्या बायाबापड्यांनाही पाठ होता: हा बाबा पंधराव्या दिवशी पुन्हा उगवणार. आणि भैय्याजी उगवायचे, नाल्याला पूर असो की पोळा असो. पोळ्याच्या दिवशी लोक शिव्या देत बोट पुढे करायचे, पण करायचे.

म्हणजे बघा, अर्ध्या तालुक्याची बोटं ज्या माणसाने हातात धरली, त्याच माणसाच्या हातून हे व्हावं!

बायको कौशल्याबाई जाऊन चार वर्षं झाली. मुलगा धनंजय पुण्यात असतो. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी एकच मंत्र म्हणायचा, बाबा, कोणाला ओटीपी सांगू नका. भैय्याजी म्हणायचे, नाई सांगत बावा. महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेत पेन्शनवाल्यांचा मेळा भरे, मग स्टँडवर तर्री-पोहे, गुडघ्यांच्या आणि सुनांच्या तक्रारी, आणि मग उरलेले एकोणतीस दिवस. ते एकोणतीस दिवस फार लांब असतात हो. नोकरीत असताना या माणसाला रस्त्यात दहा जण थांबवायचे. आता केबलवाला पैसे मागायला आला तरी भैय्याजी त्याला चहाला बसवून घेत.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा परीक्षेचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सांगायचं, हयातीचा दाखला द्यायचा. नाही दिला तर पेन्शन बंद. त्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. म्हणाला, दाखल्याच्या कामाला आलो आहे, आता म्हाताऱ्या माणसांनी बँकेच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, यंत्रच घरी येतं. एवढं बोलून तो वाकून पाया पडला. झालं, भैय्याजी तिथेच विरघळले.

त्याने आधार कार्डाचा फोटो काढला, यंत्रावर अंगठा ठेवायला लावला. अंगठा उठेना. मग बॅगेतून मेणासारखा मऊ लगदा काढला. वयस्कर माणसांचे अंगठे झिजलेले असतात, आधी यावर दाबा, म्हणाला. त्यावरही धड काही उमटेना. उमटणार कसं? तेहतीस वर्षं स्पिरिट आणि काचा हाताळून त्या बोटांची कातडी पार गुळगुळीत झालेली. तो म्हणाला, बाबा, तुमचं नंतर बघू. इथे एकट्यादुकट्या म्हाताऱ्या बाया कोण कोण आहेत, नवऱ्यामागे पेन्शन घेणाऱ्या? त्यांना फार त्रास होतो आणि आम्हाला त्यांचे पत्तेच सापडत नाहीत.

पत्ते सापडत नाहीत, आणि हे तो कोणाला सांगत होता तर मलेरियावाल्यांना! भैय्याजींना कितीतरी वर्षांनी कोणीतरी कामाचं काही विचारलं होतं. त्यांनी त्याचं नावही विचारलं नाही. चपला अडकवल्या आणि मोटरसायकलवर मागे बसले.

दिवसभर हिंडले दोघं. तीन दारं समुद्रपुरातली, चार बाहेरच्या खेड्यांतली. पहिलं दार विमलाबाईंचं. विमलाबाईंचे यजमान भैय्याजींचे नोकरीतले जोडीदार, दोघांनी एकाच टिफिनमध्ये जेवून उन्हाळे काढलेले. यजमान गेल्यावर त्यांना अर्धी पेन्शन सुरू झाली, त्यांचे कागदही भैय्याजींनीच पळापळ करून लावले होते. त्यांनी काही न विचारता अंगठा दिला. बाकीच्यांनीही दिला. शेवटचं दार गिरडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, अनुसयाबाईचं. तिचा नवरा मैलकुली होता, सरकारी रस्त्याची डागडुजी करणारा. अनुसयाबाईने मात्र हात पदराखाली घेतला आणि त्या माणसाकडे न बघता भैय्याजींकडे बघितलं.

भैय्याजी हसून म्हणाले, "दे वं बाई. सुई नाई टोचत. आपलाच माणूस हाय."

तिने हात पदराबाहेर काढला.

संध्याकाळी त्या माणसाने भैय्याजींना गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि गेला. भैय्याजी त्या दिवशी एक भाकर जास्तीची जेवले. चुलत-मावस भावांना फोन करून आपण दिवसभर केवढे कामात होतो ते सांगितलं. खोटं कशाला बोलायचं, मागल्या चार वर्षांत त्यांना एवढी गाढ झोप लागली नव्हती.

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, ते स्टँडवर चहाला गेले. तिथे प्रभाकरराव होते, रिटायर हेडमास्तर. पेपर पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचायचा आणि चहा पिणाऱ्यांना तो पुन्हा तोंडी ऐकवायचा ही त्यांची जुनी खोड. त्या दिवशी त्यांनी ऐकवलं की कुठल्याशा जिल्ह्यात पेन्शनच्या नावाने एक माणूस घरोघर फिरला. म्हाताऱ्यांचे अंगठे मेणावर उतरवून घेतले आणि मग त्या अंगठ्यांवर यंत्रातून त्यांच्या खात्यातले पैसे काढले. रोज थोडे थोडे, खातं कोरडं होईपर्यंत. ओटीपी नाही की फोन नाही, नुसता अंगठा.

भैय्याजींच्या हातातला कप बशीवर वाजला.  आणि पहिला विचार काय आला म्हणाल? माहा अंगठा उठला नोयता. मी वाचलो. हे मनात आलं आणि मागोमाग त्यांना स्वतःचीच अशी किळस आली की अर्धा चहा टाकून ते उठले. प्रभाकररावांनी विचारलं, काय झालं? म्हणाले, आम्लपित्त.

घरी येऊन दाराला आतून कडी घातली. आता काय करायचं ते उघड होतं, शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. चप्पल घालायची आणि तीन गल्ल्या ओलांडून विमलाबाईकडे जायचं. पण पाय उठेनात. सात तोंडं एकच नाव घेतील, माझं. चोराचं नाव तर कोणालाच माहीत नाही. मलेरियावाल्याने चोर आणला, म्हणतील. वाटा होता त्याचा, म्हणतील. पोलीस विचारतील, तुमचा अंगठा बरा उठला नाही? तेहतीस वर्षांत ज्या माणसाला कोणी दारातून परत पाठवलं नाही, त्याला आता दारादारात थुंकतील. पुण्याला कळेल. सून म्हणेल, बाबांना एकटं ठेवणं बरोबर नाही, आणि मग हे घर, ही गल्ली, पहिल्या तारखेचे पोहे, सगळं सुटेल.

मग मन दुसरी बाजू घ्यायचं. कशावरून तो चोर? चांगला पाया पडला होता. ओळखपत्र होतं गळ्यात. दोन दिवस थांबावं, काही झालं नाही तर आपोआप मिटेल. भीतीची एक वाईट खोड असते, ती माणसाला थांबायला लावते आणि वर समजावते की यालाच धीर म्हणतात.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं.

"भाऊजी," बाहेरून विमलाबाईंचा आवाज आला. "भाऊजी, हायेत का घरात?"

भैय्याजी खाटेवर बसले होते ते तसेच राहिले. श्वाससुद्धा रोखला. तिला समजलं. तिचे पैसे गेले. आता ती गल्ली गोळा करेल. पुन्हा दार वाजलं. मग शेजारणीला त्या म्हणाल्या, चपला तं दारातच हायेत.  चपला आत घ्यायचं सुचलंच नव्हतं. त्या गेल्यावर दार किलकिलं करून त्यांनी हात बाहेर काढला आणि एकेक चप्पल आत ओढली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची दारं ठोकली तो स्वतःच्या दारामागे चपला छातीशी धरून बसला होता.

फोन बंद करून टाकला. कुकर लावला नाही, शिट्टी बाहेर ऐकू जाईल म्हणून, पोहे भिजवून खाल्ले. गल्लीत मोटरसायकल वाजली की दाराशी येऊन कानोसा घ्यायचे. आधी वाटायचं तो आला, मग वाटायचं पोलीस आले, मग ती दूधवाल्याची निघायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो तीन दिवस त्या घरात भैय्याजींसोबत राहायलाच आला होता. शनिवारी सकाळी पुन्हा दार वाजलं, रविवारी दुपारी पुन्हा. दोन्ही वेळा विमलाबाईच. दोन्ही वेळा भैय्याजी मोरीत जाऊन उभे राहिले.

रविवारी संध्याकाळी मुलाच्या फोनची वेळ झाली म्हणून फोन तेवढ्यापुरता चालू केला. चालू करताच पडद्यावर विमलाबाईंचे कॉल येऊन गेल्याचे मेसेज दिसले, एकवीस. तेवढ्यात धनंजयचा फोन आला. तब्येत विचारली, जेवण विचारलं, आणि शेवटी नेहमीचं, ओटीपी कोणाला सांगितला नाही ना?

"नाई," भैय्याजी म्हणाले. "ओटीपी नाई देल्ला कोणाले."

शब्द न् शब्द खरा होता. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना सगळ्यात जास्त कोणता आवाज छळत असेल तर तो स्वतःचाच. दे वं बाई. सुई नाई टोचत. आपलाच माणूस हाय. पदरातून बाहेर येणारा तो हात डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी सकाळी विमलाबाई चौथ्यांदा आल्या. या वेळी त्यांनी दार ठोकलं नाही. फटीशी तोंड नेलं आणि सरळ बोलल्या.

"भाऊजी, तुमी आत हायेत, मले माईत हाय. मी माह्या पैशासाठी नाई आले. माहा अंगठा बंद केला बँकेनं. बाकीच्या बाया कोणत्या, तेवढे नावं सांगा. ते फक्त तुमालेच माईत हायेत."

आत भैय्याजींना तो शेवटचा शब्द लागला. फक्त तुमालेच. तीन दिवस त्यांनी हजार गोष्टींची भीती घेतली होती, ही एक सोडून, की आपण दडून बसलो तर बाकीच्या बाया लुटल्या जातील. ते उठले. कडी काढून दार सताड उघडलं.

विमलाबाईंसोबत त्यांची सून शालू होती. हकिकत चार वाक्यांत कळली. बेस्तरवारी संध्याकाळी विमलाबाईंच्या फोनवर दहा हजार काढल्याचा मेसेज आला. शालूने वाचला. शुक्रवारी बँक उघडताच दोघी गेल्या, अंगठ्यावर पैसे निघायचं बंद करून घेतलं, तक्रार लिहून दिली. बँकेतल्या बाईने विचारलं, तो आणखी कोणाकोणाकडे गेला? ते यांना काय माहीत? म्हणून तिथूनच त्या तडक भैय्याजींच्या दारी आल्या. शुक्रवारी. सकाळी अकराला.

भैय्याजींनी काही सफाई दिली नाही. देण्यासारखी नव्हतीच. त्यांनी डोळे मिटले आणि नावं सांगायला लागले, घर, गल्ली, खेडं, कोणाच्या शेजारी, कोणाच्या मागे. कागद लागला नाही. सात दारं त्यांना अशी दिसत होती जणू पंधरवड्याच्या फेरीला निघाले आहेत. शालूने एकेकीला फोन लावला. पाच जणींचे पैसे शाबूत निघाले. बँकेचा नंबर देऊन त्यांचे अंगठे बंद करवले. सहावी स्वतः विमलाबाई. सातवीचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना.

"अनुसयाबाई," भैय्याजी म्हणाले. "चला."

गिरडची बस तासाभराने होती. तो तास भैय्याजी स्टँडवर उभे होते. बसायला जागा असून बसले नाहीत. समोर प्रभाकरराव चहा पीत होते, त्यांनी हात केला. भैय्याजी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, लगद्यापासून मोरीपर्यंत. प्रभाकररावांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला.  मग म्हणाले, पहिल्या तारखेला बँकेत मी सगळ्यांना सांगतो. भैय्याजी म्हणाले, तुम्ही नका सांगू, मी सांगतो.

बसमध्ये विमलाबाई आणि शालू पुढे बसल्या, भैय्याजी मागे. कपाशीची वावरं मागे जात होती, बाया वेचणीला वाकलेल्या होत्या. भैय्याजी मनाशी म्हणत होते की बाई कापसाला गेली असेल, म्हणून फोन उचलला नाही, बस, एवढंच असेल. देवाकडे कधी फारसं न मागणाऱ्या माणसाने त्या चाळीस मिनिटांत सगळ्या देवांना कामाला लावलं.

अनुसयाबाई वावरातून नुकतीच आली होती, ओट्यावर पाय धूत होती. फोन घरात खुंटीला पिशवीत लटकलेला. भैय्याजींना बघून ती हसली, "या भाऊ," म्हणाली. शालूने फोन मागून घेतला आणि मेसेज उघडले. एक शनिवारचा, एक रविवारचा, एक आज सकाळचा. तीन वेळा दहा-दहा हजार. मागे राहिले होते दोनशे अकरा रुपये.

ते पैसे कशाचे होते हे भैय्याजींना ठाऊक होतं, गेल्या सोमवारी तिनेच कौतुकाने सांगितलं होतं. नात अंकिताला वर्ध्याला नर्सिंगला जागा मिळाली होती, महिनाअखेर फी भरायची होती. शालू अंगणात जाऊन बँकेशी बोलत राहिली, अंगठा बंद झाला, तक्रार झाली. पैसे परत येतील की नाही, ते कोणी छातीठोक सांगेना.

अनुसयाबाई रडली नाही. ओट्यावर बसली, उजवा अंगठा डाव्या हाताने चोळत राहिली. मग तिने विचारलं, "भाऊ, तुमाले कवा समजलं?"

भैय्याजींच्या पुढे दोन उत्तरं होती. आज सकाळी म्हटलं असतं तरी चाललं असतं. विमलाबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली होती, त्या बोलल्या नसत्या.  त्यांना एवढी भीती त्या मोरीतही वाटली नव्हती.

"बेस्तरवारी," ते म्हणाले.

तिने बोटांवर मोजलं. बेस्तरवार, शुक्रवार, शनवार. तिसऱ्या बोटावर ती थांबली.

"पैशे तं शनवारी गेले," ती म्हणाली.

 अंगणात कोंबड्या उकरत होत्या. भैय्याजी हात जोडायला गेले, पण ते अर्ध्यातच राहिले, कारण हात जोडणं सोपं होतं आणि त्यांना ते कळत होतं. ते म्हणाले, "अंकिताची फी मी भरतो."

"ते तं भरसालच," अनुसयाबाई म्हणाली.

ती उठली. कोनाड्यातून चुलीजवळ सारवायचा गेरूचा खडा काढला, परत आली आणि अर्धं उघडं असलेलं दार पुढे लोटलं. मागच्या भिंतीवर किती वर्षांचे चुन्याचे थर चढलेले, त्यांखालून कुठेतरी जुन्या लाल आकड्यांची एखादी शेपटी डोकावत होती. तिने खडा त्यांच्यापुढे धरला.

"तारीख टाका," ती म्हणाली. "आन पंधराव्या दिवशी येजा."

भैय्याजींनी खडा घेतला. चुन्यावर आजची तारीख टाकली. खाली सही केली. मग ते बाजूला झाले आणि अनुसयाबाईने पुढे होऊन, साहेब बघायचा तशी, ती तारीख नीट बघून घेतली.